बांधावरच्या मुंग्या

मे महिन्यात रावेर-यावलच्या रस्त्यानं जाताना डोळ्यांना गारवा मिळतो तो केळीचा. भुसावळचा पारा ४५ अंशांना भिडलेला, काळी जमीन भेगाळलेली आणि मधेच ठिबकवर पोसलेली हिरवीगार बाग. उत्तरेला सातपुडा बघावा तर सालई आणि सागाचे नुसते खराटे उभे. जिवांची विविधता जास्त कुठे असेल, असं कुणी विचारलं तर आपलं बोट केळीकडेच जाईल. मुंग्यांच्या बाबतीत मात्र ते चुकेल.

केळीत मुंग्या कमी असतात असं नाही. ओल आहे, सावली आहे, खोडाच्या सोपटात लपायला जागा आहे. रांगाच्या रांगा दिसतात. पण मोजायच्या कशा, हा प्रश्न आहे. समजा, शंभर मुंग्या धरल्या आणि त्यातल्या नव्वद एकाच जातीच्या निघाल्या, तर ती वस्ती दाट आहे, पण विविध नाही. दुसरीकडे चाळीसच सापडल्या, पण त्या बारा जातींत वाटल्या गेलेल्या, तर विविधता तिथे आहे. जमीन जितकी वारंवार उलथली जाते, औषधं आणि खतं जितकी जास्त पडतात, तितक्या मोजक्या आणि कुठेही निभावून नेणाऱ्या जाती उरतात, असं जगभरच्या अभ्यासांत पुन्हा पुन्हा दिसलं आहे. लाल चावरी सोलेनॉप्सिस जेमिनाटा ही त्यातलीच एक. ती मूळची अमेरिकेच्या उष्ण भागातली. आपल्याकडे माणसाच्या ये-जा बरोबर आली आणि उकरलेल्या, उघड्या जमिनीत तिचं चांगलं फावलं.

जगात मुंग्यांच्या १४,००० हून अधिक जातींना नावं मिळाली आहेत, त्यातल्या ८०० हून अधिक भारतात आहेत. एवढ्या जाती एकत्र नांदतात, कारण प्रत्येकीला लागणारी जागा वेगळी. सातपुड्याचं ते उघडंबोडकं जंगल मुंगीच्या उंचीवरून पाहा. सागाचं एक वाळकं पान म्हणजे छप्पर. वठलेल्या फांदीतल्या पोकळीत टेट्रापोनेरा राहते, तांबडी-काळी, लांबट, डंख विसरता येणार नाही अशी. खोडावर चढणारी क्रीमॅटोगॅस्टर डिवचली की पत्त्यातल्या बदामाच्या आकाराचं पोट डोक्यावर उचलते. दगडाखाली, मुळांच्या बेचक्यात, पाचोळ्याच्या थरात आणखी कुणी कुणी. दुपारी जमिनीचा वरचा थर हवेपेक्षा कितीतरी जास्त तापतो, तेव्हा बहुतेक जणी खाली दडतात आणि रात्री निघतात. मोहाची फुलं वेचायला सोपी जावीत म्हणून झाडाखालचा पाचोळा जाळतात, तेव्हा खोल बिळातल्या मुंग्या वाचतात, पाचोळ्यातल्या जळतात.

शेतात या सगळ्या जागा एकाच औताखाली जातात. मुंगीचं घर एका हंगामाचं नसतं. युरोपातल्या एका काळ्या मुंगीची राणी प्रयोगशाळेत २८ वर्षं जगली होती. आपल्याकडच्या सगळ्या राण्या तेवढ्या जगत नसतील, पण वारूळ भरायला काही वर्षं लागतात आणि ट्रॅक्टर दर उन्हाळ्यात येतो. खोल नांगरटीचा सल्ला चुकीचा नाही. घाटेअळीचे कोष वर येतात, उन्हानं मरतात, पक्षी वेचतात. पण त्याच फाळानं मुंगीचं घरही फुटतं, आणि मुंगी या अळीची अंडी खाणारी आहे. हा हिशेब मला नेहमी अस्वस्थ करतो, कारण दोन्ही बाजू खऱ्या आहेत.

कपाशीचं पान उलटून पाहा. मागच्या मधल्या शिरेवर बारीकसा खोलगट ठिपका दिसेल. त्यातून गोड रस पाझरतो. फुलाशी त्याचा संबंध नाही. तो मुंग्यांसारख्या पाहुण्यांसाठी आहे. रसाला आलेली मुंगी पानावर हिंडते आणि सापडतील ती अंडी, कोवळ्या अळ्या उचलते. पण हीच गोडाची ओढ दुसरीकडे अंगावर येते. मावा आणि पिठ्या ढेकूण चिकटा सोडतात, त्यासाठी मुंग्या त्यांची राखण करतात, मावा खाणाऱ्या ढालकिड्याच्या अळ्यांना हुसकतात. केळीवर पर्णगुच्छ रोगाचा विषाणू पसरवतो तो मावाच. म्हणून ‘मुंगी मित्र की शत्रू’ हा वाद मला निरर्थक वाटतो. एकाच जातीचं राज्य झालं की तिचे गुण-दोष सगळ्या शेतावर लादले जातात. जाती अनेक असल्या तर कुणी चिकट्यावर असते, कुणी अळ्यांवर, तर कुणी उधईच्या मागावर.

आणि पाणी? ऑस्ट्रेलियातल्या कोरड्या भागात गव्हाच्या शेतांवर प्रयोग झाला, २०११ साली तो प्रसिद्ध झाला. मुंग्या आणि उधई असलेल्या जमिनीत उत्पादन ३६ टक्के जास्त आलं, कारण बिळांतून पाणी खाली मुरलं आणि मातीतला नत्र वाढला. आपली काळी माती वेगळी, पीक वेगळं, तेव्हा आकडा जसाच्या तसा इथे लावू नये. पण बेताच्या पावसाच्या मुलखात राहणाऱ्यानं तो विसरूही नये.

खानदेशात जंगल आणि शेत यांच्या मधे एक जागा उरते: बांध. तिथे नांगर जात नाही. निंब, बोर, बाभूळ, एरंड आपापले उगवतात. एरंडाच्या बीच्या टोकाला एक मऊ गाठ असते. तिच्यासाठी मुंग्या बी ओढून नेतात, गाठ खातात, बी टाकून देतात. बोरीवरच्या काही निळ्या फुलपाखरांच्या अळ्यांभोवती मुंग्यांचा पहारा असतो. बांधाच्या उघड्या, कडक जागी बिळाभोवती गवताच्या कोंड्याचं कडं दिसलं, तर समजावं की आत दाणे साठवणारी मुंगी आहे.

डायाकामा ही मोठी, करड्या-काळ्या रंगाची मुंगीही अशाच न उकरलेल्या जागी घर करते. बिळाच्या तोंडाशी ती पिसं, मेलेल्या मुंग्या आणून मांडते. कोरड्या रानात त्यांवर पहाटे दव जमतं आणि ते ती पिते. पहिल्या पावसानंतर दिव्याभोवती पंखवाल्या मुंग्यांचा खच पडतो, त्यात डायाकामाची राणी कधी नसते, कारण तिच्यात पंखांची राणीच नाही. कामकरी मुंग्यांपैकीच एक मीलन करते आणि अंडी घालते. वसाहत वाढली की तिचे दोन भाग होतात आणि एक भाग अंडी-पिल्लं उचलून पायी नव्या घराला निघतो. जेसीबी लावून बांध सपाट केला, तर पंखवाली राणी शेत ओलांडून पलीकडे जाऊ शकते. डायाकामाला ते अख्खं नांगरलेलं शेत चालत पार करावं लागतं.