हारलॉच्या रणामागचं घरगुती भांडण

२४ जुलै १४११ रोजी स्कॉटलंडमध्ये, अॅबर्डीनच्या वायव्येला हारलॉ इथे मोठी कत्तल झाली. डोंगरी गेल (गेलिक भाषा बोलणारे) विरुद्ध मैदानी स्कॉट अशी ही लढाई सांगण्याची पद्धत आहे. पण दोन्ही बाजूंच्या सरदारांची नाती पाहिली, तर भाऊबंदकीच जास्त दिसते. पश्चिमेच्या बेटांचा धनी डोनल्ड आणि मार प्रांताचा अर्ल (म्हणजे मोठा सरदार) अलेक्झांडर स्ट्यूअर्ट हे सख्खे आतेमामेभाऊ. वाद होता उत्तरेतल्या रॉसच्या जहागिरीचा, आणि त्याची मुळं अलेक्झांडरच्या बापाच्या संसारात होती.

बापाचं नावही अलेक्झांडर स्ट्यूअर्टच. पुढे लोक त्याला ‘बेडनॉखचा लांडगा’ म्हणू लागले. जन्म १३४३च्या सुमाराचा. वडील रॉबर्ट हे स्कॉटलंडचा राजा रॉबर्ट ब्रूस याचे नातू, आई एलिझाबेथ म्यूर. या दोघांचं लग्न चर्चच्या नियमात बसत नव्हतं. १३४७ मध्ये पोपची परवानगी आली आणि आधी झालेली मुलंही औरस ठरली. लेकावळा ठरता ठरता राहिलेल्या या पोराचा बाप १३७१ साली दुसरा रॉबर्ट म्हणून गादीवर बसला. थोरल्या भावांना मोठी वतनं मिळाली. याच्या वाट्याला आलं बेडनॉख, म्हणजे डोंगर आणि थंडी. वर उत्तरेतला राजाचा मुखत्यार म्हणून अधिकार. तळ्याच्या बेटावरचा लोखिनडॉर्ब किल्ला त्याच्या हातात होता. तिथली तटबंदी पडक्या अवस्थेत आजही उभी आहे.

१३८२ मध्ये त्याने रॉसची विधवा वारसदार युफेमिया हिच्याशी लग्न केलं. मूलबाळ झालं नाही. त्याचा खरा संसार मेरियाड नावाच्या गेलिक बाईबरोबर होता आणि मुलं तिचीच. बायको नको, पण बायकोची जमीन हवी, असा सरळ हिशेब होता. १३८९ मध्ये मरे आणि रॉस या प्रांतांच्या बिशपांनी ‘युफेमियाकडे परत जा’ असा हुकूम काढला.

मरेचा बिशप अलेक्झांडर बर याच्याशी त्याचं वाकडं जुनंच. बेडनॉखमधल्या चर्चच्या जमिनींवर हुकूमत कुणाची, हा तंटा. १३८० मध्ये त्याने बिशपला रेटच्या उभ्या दगडांपाशी भरवलेल्या कचेरीत हजर व्हायला लावलं होतं. दहा वर्षांनी बिशपने संरक्षणासाठी मरेच्या अर्लच्या मुलाशी करार केला. म्हणजे लांडग्याच्या मुलखात दुसरा राखणदार. त्यातच आदल्या वर्षी, थोरल्या भावाच्या हातचा राज्याचा कारभार दुसरा भाऊ रॉबर्ट याच्याकडे गेल्यावर, याचं न्यायाधिकाराचं पदही काढून घेतलेलं. एप्रिल १३९० मध्ये राजा वारला. त्याचं दफन ऑगस्टपर्यंत लांबलं, आणि मधल्या काळात हे सगळं उकळून वर आलं.

मे महिन्यात लांडग्याने फॉरेस गाव जाळलं. १७ जूनला एल्गिन. (आपल्याकडे व्हाइसरॉय म्हणून आलेल्या लॉर्ड एल्गिनच्या किताबातलं गाव हेच.) गावातलं सेंट जाइल्सचं चर्च, धर्मशाळा, पाद्र्यांची अठरा घरं आणि सगळ्या उत्तरेचं भूषण असलेलं कॅथेड्रल, सगळ्याची राख. ग्रंथ आणि सनदाही गेल्या. जमिनीचा दावा ज्यांच्या जोरावर मांडायचा तेच कागद. मला तरी हा निव्वळ पिसाटपणा वाटत नाही. पुढे पर्थमध्ये त्याने जाहीर प्रायश्चित्त घेतलं आणि चर्चने त्याला पुन्हा पदरात घेतलं. १३९२ मध्ये पोपने लग्न रद्द केलं. रॉस हातचं गेलं.

त्याच्या मुलांना मात्र कोणी पोप औरस ठरवायला आला नाही. त्यांनी तलवारीने मिळवलं. मुलगा अलेक्झांडर याने १४०४ मध्ये किलड्रमीचा किल्ला ताब्यात घेऊन मारची विधवा काउंटेस इझाबेल डग्लस हिच्याशी लग्न केलं आणि अर्ल झाला. रॉसवर हक्क सांगणाऱ्या डोनल्डची बायको ही युफेमियाची पहिल्या नवऱ्यापासूनची मुलगी. दुसरीकडे त्याच रॉसवर डोळा ठेवून होता तो ऑल्बनीचा ड्यूक रॉबर्ट, लांडग्याचं पद काढून घेणारा भाऊ. आणि हारलॉला त्याच काकाच्या बाजूने लढला लांडग्याचा लेकावळा. निकाल धड लागलाच नाही. डोनल्ड मागे फिरला एवढंच.

बाप तोवर डंकेल्डच्या कॅथेड्रलमध्ये पुरलेला होता. थडग्यावर चिलखत घातलेली त्याची दगडी मूर्ती पडून आहे, पाठीवर उताणी.