इंटरनेट दूरध्वनी : व्यावसायिक वापर

कार्यालयातील संभाषणे दूरध्वनी कंपनीच्या स्वतंत्र तारेऐवजी इंटरनेट जोडणीवरून नेण्याची पद्धत. व्यवहारात ती व्हीओआयपी या नावाने ओळखली जाते. आवाजाचे अंकीय रूपांतर करून त्याचे लहान भाग (पॅकेट) संगणकजालातून पाठवले जातात व पलीकडे ते पुन्हा क्रमाने जुळवले जातात.

उगम : या पद्धतीच्या आरंभाबद्दल एकमत नाही. व्यापारविषयक लेखनात बहुधा १९९५ हे वर्ष दिले जाते. इस्रायलमधील व्होकलटेक कंपनीने त्या वर्षी ‘इंटरनेट फोन’ हे सॉफ्टवेअर बाजारात आणले. संगणकजालांचे अभ्यासक मात्र आरंभ दोन दशके मागे नेतात. अमेरिकेतील आर्पानेट या जालासाठी डॅनी कोहेन यांनी ‘नेटवर्क व्हॉइस प्रोटोकॉल’ (जालावरून आवाज पाठवण्याचे नियम) तयार केला. त्याचे वर्ष काही ठिकाणी १९७३, तर काही ठिकाणी १९७४ असे आढळते. आराखडा प्रमाण मानायचा की प्रत्यक्ष संभाषण, यामुळे हा फरक पडला असावा. दक्षिण कॅलिफोर्निया विद्यापीठाची माहितीविज्ञान संस्था आणि एमआयटीची लिंकन प्रयोगशाळा यांच्यात ऑगस्ट १९७४ च्या सुमारास झालेले संभाषण पहिले धरणे अधिक सयुक्तिक दिसते.

या प्रयोगांचा परिणाम दूरध्वनीपुरता राहिला नाही. हरवलेले पॅकेट पुन्हा मागवण्याची सोय मजकुराला उपकारक असली, तरी संभाषणाला मारक ठरते. उशिरा पोचलेला शब्द ऐकून उपयोग नसतो. १९७८ च्या सुमारास टीसीपी (हरवलेले पॅकेट पुन्हा मागवणारी नियमावली) मधून आयपी (पॅकेट पत्त्यावर पोचवण्यापुरती नियमावली) वेगळा काढण्यात आला, त्यामागे हे एक महत्त्वाचे कारण होते. पुढे १९८० मध्ये पॅकेट पोचल्याची खातरजमा न करणारा यूडीपी हा प्रोटोकॉल आला. आजही कार्यालयीन फोनवरील आवाज बहुतांशी त्यावरूनच जातो.

तांत्रिक स्वरूप : जुन्या पद्धतीत क्रमांक जुळल्यापासून रिसीव्हर खाली ठेवेपर्यंत एक पूर्ण मार्ग बोलणाऱ्या दोघांसाठी अडकून राहतो, मग कोणी बोलो वा न बोलो. अंकीय दूरध्वनी केंद्रांत या मार्गाची क्षमता सेकंदाला ६४ किलोबिट असते (८,००० नमुने, प्रत्येकी ८ बिट). युरोपीय धर्तीच्या ई-१ या अंकीय जोडणीत असे ३० मार्ग मिळतात. एकतिसाव्या ग्राहकाला ‘लाइन व्यस्त’ हाच सूर ऐकू येतो. किती लाइन घ्याव्यात याचे गणित डॅनिश गणितज्ञ ए. के. एर्लांग यांनी १९१७ मध्ये मांडले. इंटरनेट दूरध्वनीतही ते लागू पडते, फक्त लाइनची जागा बँडविड्थ (जोडणीची माहिती वाहून नेण्याची क्षमता) घेते.

येथे एका प्रचलित हिशेबाकडे सावधपणे पाहावे लागते. जी.७११ या कोडेकला (आवाजाचे अंकीय रूपांतर करण्याच्या पद्धतीला) सेकंदाला ६४, तर जी.७२९ या कोडेकला अवघे ८ किलोबिट लागतात. म्हणून बचत आठपट, असे मांडले जाते. परंतु दर २० मिलिसेकंदांच्या आवाजामागे पत्ता व क्रम सांगणारे ४० बाइट जोडावे लागतात. जी.७२९ मध्ये आवाज त्याच्या निम्मा, म्हणजे २० बाइट असतो. पत्रापेक्षा पाकीटच जड. हे जमेस धरल्यास प्रत्यक्ष आकडे ८० आणि २४ किलोबिट येतात, म्हणजे बचत सुमारे सव्वातीनपट.

गुणवत्तेच्या दृष्टीने बँडविड्थपेक्षा विलंब अधिक महत्त्वाचा. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या जी.११४ शिफारशीनुसार एका दिशेचा विलंब १५० मिलिसेकंदांच्या आत असावा. शेजारच्या टेबलावरून मोठी फाइल पाठवली जात असताना ग्राहकाला आपले बोलणे तुटक ऐकू जाते, याचे कारण बहुधा राउटरवर (कार्यालयाला इंटरनेटशी जोडणाऱ्या यंत्रावर) लागलेली पॅकेटांची रांग हे असते. आवाजाच्या पॅकेटांना अग्रक्रम दिल्यास दोष बराच कमी होतो.

कार्यालयीन व्यवस्था : कॉल जोडणी नियंत्रित करणाऱ्या नियमांत एच.३२३ (१९९६) हा दूरध्वनी परंपरेतला, तर सिप (१९९९, सुधारित २००२) इंटरनेट परंपरेतला. कोणता श्रेष्ठ यावर बरीच चर्चा झाली. व्यवहाराने सिपच्या बाजूने कौल दिला. १९९९ मध्ये सुरू झालेल्या अ‍ॅस्टरिस्क या मुक्त सॉफ्टवेअरमुळे साध्या संगणकालाही पीबीएक्सचे (कार्यालयाच्या अंतर्गत दूरध्वनी केंद्राचे) काम करता येऊ लागले. एक्स्टेन्शन, कॉल वळवणे, ध्वनिमुद्रण इत्यादी सोयी सर्वपरिचित आहेत.

मर्यादा : तांब्याच्या लाइनला केंद्रातील बॅटऱ्यांतून सुमारे ४८ व्होल्ट वीज मिळते, त्यामुळे इमारतीतील वीज गेली तरी साधा फोन चालतो. इंटरनेट दूरध्वनीत राउटर, स्विच व फोन या सर्वांना बॅकअप देण्याची जबाबदारी कार्यालयावर येते. खर्चाची तुलना करताना ही बाब अनेकदा सुटते. आणीबाणीच्या कॉलमध्ये क्रमांकावरून ठिकाण आपोआप कळेलच असे नाही, कारण तोच क्रमांक दुसऱ्या शहरातूनही वापरता येतो. कमकुवत पासवर्ड असलेल्या पीबीएक्समध्ये शिरून रात्री वा सुट्टीच्या दिवशी महागडे परदेशी कॉल करण्याची फसवणूकही नेहमीची आहे.

फॅक्ससाठी टी.३८ हे वेगळे मानक आहे. लिफ्टमधील फोन व धोक्याचा इशारा देणारी यंत्रे यांची सुसंगतता प्रत्येक ठिकाणी तपासावी लागते. ब्रिटनमध्ये जुने दूरध्वनी जाल बंद करण्याची मुदत डिसेंबर २०२५ वरून जानेवारी २०२७ पर्यंत वाढवण्यात आली, ती मुख्यतः वृद्ध व आजारी व्यक्तींच्या घरातील अशाच इशारायंत्रांमुळे.