पार्श्वभूमी : अमेरिकी यादवी युद्धातली महिला मंडळे

१२ एप्रिल १८६१ रोजी सरकारच्या फोर्ट सम्टर या किल्ल्यावर फुटून निघालेल्या दक्षिणी राज्यांच्या तोफा धडाडल्या आणि तीनच दिवसांनी अध्यक्ष लिंकन यांनी ७५ हजार स्वयंसेवक सैनिक मागवले. माणसे मिळाली, त्यांच्या कपड्यालत्त्याची, औषधपाण्याची सोय मात्र सरकारजवळ पुरेशी नव्हती. गावोगावच्या बायका मग चर्चमध्ये, कुणाच्या दिवाणखान्यात जमू लागल्या. क्लीव्हलँडचे मंडळ तर २० एप्रिललाच उभे राहिले.

उत्साह दांडगा, पण काय लागेल याचा पत्ता नाही. आरंभी ढिगांनी शिवले गेले ते 'हॅवलॉक', म्हणजे टोपीवरून मानेवर रुळणारे पांढरे फडके. १८५७ साली कानपूर-लखनौवर चालून आलेल्या इंग्रज सेनापती हेन्री हॅवलॉकचेच हे नाव. शिपायांनी त्या फडक्यांतून कॉफी गाळली, बंदुका पुसल्या.

या धांदलीला शिस्त लावायला पुढे आल्या डॉ. एलिझाबेथ ब्लॅकवेल, अमेरिकेत वैद्यकीय पदवी मिळवणाऱ्या पहिल्या स्त्री. एप्रिलअखेर न्यूयॉर्कच्या कूपर युनियनमध्ये भरलेल्या सभेतून बायकांची मध्यवर्ती संस्था निघाली. जूनमध्ये सरकारने सैनिकांच्या आरोग्याची काळजी वाहणाऱ्या सॅनिटरी कमिशनला मान्यता दिली आणि ही संस्था त्याची शाखा झाली. कमिशनचे अध्यक्ष, सचिव सगळे पुरुष. पेट्या भरणे, निवडणे, नोंदवणे बायकांकडे.

हे काम किरकोळ नव्हते. त्या युद्धात मेलेल्या सैनिकांपैकी सुमारे दोन तृतीयांश रोगराईने गेले. १८६३ मध्ये दक्षिणेतले व्हिक्सबर्ग घ्यायला गेलेल्या सेनापती ग्रँटच्या सरकारी फौजेत स्कर्व्ही, म्हणजे ताज्या भाज्या-फळांअभावी होणारा रोग, दिसू लागला, तेव्हा शिकागो शाखेने शेतकऱ्यांकडून कांदे-बटाटे गोळा करून पाठवले. मधल्या मधे माल अधिकारी गट्ट करतात, अशी कुजबुज कायम असे. तिला उत्तर म्हणून पोच आणि हिशेब काटेकोर ठेवावे लागत.

दक्षिणेतही अशी मंडळे भरपूर होती, पण त्यांना बांधणारी मध्यवर्ती संस्था नव्हती; त्यात उत्तरेने केलेल्या सागरी नाकेबंदीमुळे कापड आणि औषधे दोन्ही दुर्मीळ. वॉशिंग्टनमध्ये १८६२ साली एलिझाबेथ केकली यांनी वेगळीच संस्था काढली. गुलामीतून स्वतःची किंमत मोजून सुटलेल्या केकली मिसेस लिंकन यांचे कपडे शिवत. युद्धात पळून आलेल्या गुलामांना त्यांची संस्था आधार देई, पुढे कृष्णवर्णीय सैनिकांनाही.

माझ्या मते या इतिहासाचा कळीचा प्रसंग मात्र शिकागोतला आहे. १८६३ च्या शरदात तिथल्या शाखेच्या मेरी लिव्हरमोर आणि जेन होग यांनी निधीसाठी मोठी जत्रा भरवली. लिंकन यांनी गुलाममुक्तीच्या जाहीरनाम्याची स्वहस्ते लिहिलेली प्रत पाठवली. ती ३,००० डॉलरना गेली. त्याच जत्रेसाठी तात्पुरता मंडप बांधायचा करार करताना ठेकेदाराने दोघींच्या सह्या चालणार नाहीत म्हणून सांगितले. पैसे त्यांनी उभे केलेले, सह्या हव्या होत्या नवऱ्यांच्या. कायदा तसाच होता. युद्ध संपल्यावर लिव्हरमोर स्त्रियांच्या मताधिकाराच्या चळवळीत उतरल्या आणि १८६९ मध्ये शिकागोतच त्यांनी त्यासाठी वृत्तपत्र सुरू केले.