पार्श्वभूमी: बडोद्यात फ्रेझल व्हर्ब यादीत कसे अडकले

साध्या क्रियापदाला अप, ऑफ, आउट जोडलं की परक्या माणसाची पंचाईत होते, हे १७५५ सालच्या एका इंग्रजी कोशाच्या प्रस्तावनेतच नोंदवलेलं आहे. अशा जोडीला ‘फ्रेझल व्हर्ब’ हे नाव मात्र १९२५ साली रूढ होऊ लागलं.

बडोद्याच्या मराठी घरांत हा विषय खरा अडला तो १९६० नंतर. गुजरात वेगळं झालं तेव्हा इंग्रजी पाचवीपासून की आठवीपासून, यावर मोठा वाद झाला आणि आठवीचा पक्ष सरस ठरला. इथल्या विद्यापीठात मात्र १९४९ पासून शिक्षण इंग्रजीतच. घरी मराठी, पुष्कळांच्या शाळेत गुजराती आणि अकरावीच्या शालान्त परीक्षेपर्यंत इंग्रजीला जेमतेम चार वर्षं. मातृभाषेतून शिकवण्याचा आग्रह रास्तच होता, पण या मुलांची मातृभाषा गुजरातीही नव्हती. एवढ्या वेळात भाषांतराने उरकेल तेच पदरात पडलं: ‘पुट ऑफ’ म्हणजे पुढे ढकलणे, ‘पुट अप विथ’ म्हणजे सहन करणे. पाठ होई, पण वाक्य करताना अडे, कारण यादीतून शब्दांची जागा कळत नाही.

खरा घोळ या जागेचाच. ‘टर्न डाउन द ऑफर’ (देऊ केलेलं नाकारणे) चालतं, ‘टर्न द ऑफर डाउन’ही चालतं, सर्वनाम आलं की फक्त ‘टर्न इट डाउन’. उलट ‘लुक आफ्टर इट’ (सांभाळणे) हेच बरोबर, ‘लुक इट आफ्टर’ कधीच नाही. ‘डाउन’ इथे क्रियाविशेषण आहे, ‘आफ्टर’ शब्दयोगी. उच्चारातही खूण सापडते: ‘टर्न इट डाउन’मध्ये जोर ‘डाउन’वर येतो, ‘लुक ॲट इट’सारख्या शब्दयोगीच्या जोडीत ‘लुक’वर. काही व्याकरणकार दुसऱ्या प्रकाराला फ्रेझल व्हर्ब मानतच नाहीत. गाइडांत मात्र दोन्ही एकाच रकान्यात, आणि चुका तिथूनच सुरू होतात. ‘कोप अप विथ’ या नेहमीच्या चुकीचंही तेच: ‘कीप अप विथ’, ‘पुट अप विथ’च्या शेजारी पाठ केल्याने ‘कोप विथ’मध्ये ‘अप’ घुसतो.

अर्थाची बाजू मराठी माणसाला तितकी परकी नाही. ‘खाऊन टाक’मध्ये काही टाकायचं नसतं, खाणं पुरं करायचं असतं, ‘ईट अप’मधला ‘अप’ तेच काम करतो. पहिल्याच तासाला हे सांगावं.

१९८९ च्या एका कोशाने अप, आउट, ऑफ यांचे अर्थ वेगळे काढून दाखवले, तिथून दिशा बदलली. २००७ च्या एका अभ्यासात, दहा कोटी शब्दांच्या ब्रिटिश भाषासंग्रहातल्या अशा प्रयोगांपैकी निम्म्याहून अधिक प्रयोग २० क्रियापदं आणि ८ अव्ययं यांच्याच जोड्यांचे निघाले. २०१५ साली नेहमीच्या १५० जोड्या आणि त्यांचे २८८ अर्थ निवडून मांडले गेले. सुरुवातीला एवढं पुरे. प्रत्येक अर्थाला एक पूर्ण वाक्य लिहावं आणि कर्म घेणाऱ्या जोडीचं वाक्य ‘इट’ घालून पुन्हा लिहावं.

परदेशी जाण्यासाठी आयईएलटीएस ही इंग्रजीची परीक्षा देणाऱ्यांनी आलेखाच्या उत्तरात ‘गो अप’ऐवजी ‘राइज’ लिहावं. ‘कॅरी आउट’ (पार पाडणे) मात्र औपचारिक लेखनातही चालतं. ‘पास आउट’ आपल्याकडे पदवी घेण्याला वापरतात, पण परदेशात ऐकणारा बहुधा बेशुद्ध पडणं समजतो, म्हणून अर्जात ‘ग्रॅज्युएट’ हाच शब्द ठेवावा.