असईची लढाई आणि नदीचा उतार

जालना जिल्ह्यातल्या असईजवळ केळणा आणि जुई या नद्या एकमेकींकडे सरकत पूर्वेला जाऊन मिळतात. 23 सप्टेंबर 1803 रोजी मधल्या पट्टीत दौलतराव शिंदे आणि नागपूरकर रघूजी भोसले यांची फौज उभी होती. कवायती पायदळच दहा हजारांवर, तोफा शंभराच्या घरात, घोडदळ तर अफाट. इंग्रज सेनापती आर्थर वेलस्लीने प्रत्यक्ष लढाईत उतरवलेली माणसं साधारण साडेचार हजार. तरी तो जिंकला, आणि त्याचं पहिलं कारण मला नदीच्या उतारात, म्हणजे नदी ओलांडता येईल अशा उथळ जागेत, दिसतं.

वाटाड्यांनी सांगितलं होतं, इथे जवळपास उतार नाही. वेलस्लीला मात्र नदीच्या दोन काठांवर अगदी समोरासमोर दोन गावं दिसली. इंग्रजी नोंदींत त्यांची नावं पीपलगाव आणि वारूर अशी येतात. शेजारची गावं म्हटल्यावर बाजारहाट, सोयरीक, गुरं-गाड्यांची ये-जा आलीच. मग नदी ओलांडायची वाटही असणार. पाहणी केली तेव्हा उतार खरोखर सापडला. हाती अपुरी माहिती असताना कोणत्या पुराव्याला किती वजन द्यायचं, हा निर्णयशास्त्राचा गाभा आहे. वेलस्लीने सांगोवांगीपेक्षा जमिनीवरच्या खुणेला जास्त वजन दिलं.

पुढचं काम भूमितीने केलं. उतार ओलांडताच त्याच्या दोन्ही बगलांना नद्या आल्या. चिंचोळ्या जागेत मोठ्या फौजेला पसरता येईना, घोडदळाला वळसा घालता येईना.

शिंद्यांच्या कवायती पलटणींचा सेनापती, हॅनोव्हरचा अँथनी पोलमन, याने त्या उतारावर अडवायला फौज ठेवली नव्हती. पण शत्रू बगलेवर येतोय हे दिसताच त्याने दक्षिणेकडे तोंड केलेली अख्खी रांग काटकोनात पूर्वेकडे फिरवली, केळणेपासून असई गावापर्यंत. तोफांसह हे करणं म्हणजे उच्च दर्जाची कवायत, आणि वेलस्लीने ती गृहीत धरली नव्हती. गोलंदाजांबद्दल तर आदरच वाटतो: शत्रू अंगावरून पुढे गेल्यावर मेल्यासारखे पडलेले काही जण उठले आणि त्याच तोफा मागून डागू लागले.

इंग्रजांच्या उजव्या बगलेवर ऑरॉक नावाचा अधिकारी ठरल्यापेक्षा फार पुढे, थेट असईच्या तोफांसमोर गेला. मागोमाग 74वी पलटणही तिकडे ओढली गेली आणि कापली गेली. मॅक्सवेलचं घोडदळ वेळेवर धावलं म्हणून ती बगल वाचली.

फळ पाहून निर्णय तोलायची आपली सवय फसवी असते. स्टीव्हन्सन या इंग्रज अधिकाऱ्याची दुसरी फौज एका दिवसावर होती, तिची वाट न पाहता वेलस्ली लढला. त्याचे 1,584 जण ठार, जखमी वा बेपत्ता झाले. शिंदे-भोसल्यांचा पाठलाग करण्याइतकं त्राण त्याच्या फौजेत राहिलं नाही. ते काम शेवटी स्टीव्हन्सनलाच करावं लागलं.