पर्यटनातील उन्हाळी इंटर्नशिप हॉटेल मॅनेजमेंटपुरती नाही

बेळगाव-खानापूर भागात पालकांचा वर्षानुवर्षे असा समज आहे की, पर्यटन क्षेत्रातील उन्हाळी इंटर्नशिप म्हणजे हॉटेलातील पडेल ते काम आणि ती हॉटेल मॅनेजमेंटच्या मुलांनीच करावी. हा समज चुकीचा आहे. हॉटेल हा पर्यटनाचा केवळ एक भाग होय; सहलींची आखणी, प्रवासाची आरक्षणे, हिशेब आणि मार्गदर्शन या कामांना वाणिज्य, इतिहास व भाषा शिकणारी मुलेही लागतात.

खानापूर तालुक्यातील हलशीचेच पाहा. तेथील कदंबकालीन भूवराह नरसिंह मंदिरात समोरासमोर दोन गाभारे आहेत. एकात नरसिंह, तर दुसऱ्यात पृथ्वीला उचलून धरणारा वराह. ही रचना कोल्हापूरच्या पाहुण्याला मराठीत आणि धारवाडच्या पाहुण्याला कन्नडमध्ये उलगडून सांगणे हे खरे कौशल्य असून, दोन्ही भाषा कानावर पडत वाढलेल्या आपल्या मुलांकडे त्याचा पाया तयारच असतो.

घटप्रभेवरील सुमारे 52 मीटर उंचीचा गोकाकचा धबधबा उन्हाळ्यात रोडावतो हे खरे. परंतु पावसाळी सहलींची माहितीपत्रके आणि दरपत्रके बनवायला शिकण्यास हाच काळ सोयीचा आहे. मात्र कामाचे स्वरूप, कालावधी आणि विद्यावेतन आधीच लेखी घ्यावे.