देऊळ, बाजार आणि हातगाडी: बँकॉकच्या सिटी टूरची पार्श्वभूमी

मराठी टूर कंपन्यांच्या पत्रकांत बँकॉकची 'हाफ डे सिटी टूर' वर्षानुवर्षं एकाच साच्यातली आहे. सकाळी बस, सोन्याचा बुद्ध, जोडीला आणखी एखादं देऊळ, मग रत्नांच्या भल्यामोठ्या शोरूममध्ये तासभर आणि दुपारी डाळ-भात-पनीरचं भारतीय जेवण. अलीकडे तिच्या शेजारी दुसऱ्याच प्रकारची टूर उभी राहिली आहे. आठ-दहा जणांचा घोळका गाइडबरोबर पायी किंवा टुकटुकने निघतो, देवळातून बाजारात आणि बाजारातून गल्लीत शिरतो आणि वाटेत ठिकठिकाणी थांबून काहीबाही खातो. 'देवळं, इतिहास, बाजार आणि स्ट्रीट फूड' हे वर्णन वाचून वाटतं, कुणीतरी चार सुट्या वस्तू एका पिशवीत भरून विकायला ठेवल्या आहेत. पण बँकॉकच्या जुन्या भागात या गोष्टी पहिल्यापासून एकमेकींना खेटूनच आहेत. त्यांची फारकत केली ती बसच्या टूरने.

सोन्याच्या बुद्धाचंच घ्या. वाट त्रायमित ('वाट' म्हणजे थाईत देऊळ) या देवळातली ही मूर्ती सुमारे तीन मीटर उंच आणि साडेपाच टन वजनाची आहे. गिलाव्याची साधी मूर्ती समजून ती वीसेक वर्षं पत्र्याच्या छपराखाली ठेवली होती. १९५५ मध्ये नव्या इमारतीत हलवताना दोर तुटला, मूर्ती आपटली आणि फुटलेल्या गिलाव्यातून सोनं दिसलं. ही गोष्ट प्रत्येक गाइड रंगवून सांगतो, सांगावी अशी आहेच. मात्र या देवळातून बाहेर पडून चौकातली चिनी कमान ओलांडली की यावरात रस्ता लागतो, म्हणजे चायनाटाऊन, शहरातली सगळ्यात गाजलेली खाऊगल्ली. अंतर चालत पाच-सात मिनिटांचं. आपली बस तिथून वळते ती रत्नांच्या दुकानाकडे.

यावरात देवळाशेजारी आणि राजवाड्यापासून जरा लांब का आहे, याचं उत्तर शहराच्या जन्मात सापडतं. १७६७ मध्ये ब्रह्मी फौजांनी अयुथ्या ही जुनी राजधानी जाळली. ताकसिन राजाने चाओ फ्राया नदीच्या पश्चिम काठावर थोनबुरीला नवी राजधानी केली. १७८२ मध्ये सत्तेवर आलेल्या पहिल्या रामाने (आजच्या राजघराण्यातले राजे 'राम' या नावाने आणि क्रमांकाने ओळखले जातात) ती नदीपलीकडे, पूर्व काठावर नेली. निवडलेल्या जागेवर चिनी व्यापाऱ्यांची वस्ती होती. तिला उठवून तटाबाहेर, नदीच्या खालच्या अंगाला सांपेंगला, म्हणजे आजच्या यावरातच्या भागात, बसवलं. तटासाठी विटा आल्या त्या अयुथ्याच्या पडक्या भिंतींतून. राजवाडा आणि मरकत बुद्ध आत, बाजार बाहेर. आजची टूर ज्या रस्त्यांवरून फिरते त्यांची आखणी या एका निर्णयाने झाली.

मरकत बुद्ध म्हणतात, पण मूर्ती पाचूची नाही, हिरव्या जेड दगडाची आहे. उंची जेमतेम ६६ सेंटिमीटर. १७७९ मध्ये ती लाओसमधल्या व्हिएन्तिआनहून लुटीत आली. वर्षातून तीन वेळा, ऋतू बदलला की तिची वस्त्रं बदलतात आणि हे काम राजाचं. आपली माणसं मात्र मूर्तीपेक्षा बाहेरच्या ओवऱ्यांत जास्त रेंगाळतात, कारण तिथे भिंतीवर १७८ चित्रांत अख्खं रामायण आहे. थाई लोक त्याला रामकियेन म्हणतात. त्यातला मारुती ब्रह्मचारी नाही, चांगलाच रंगेल आहे. हे ऐकून घोळक्यातल्या ज्येष्ठांचे चेहरे बघण्यासारखे होतात.

राजवाड्यापासून थोडं पूर्वेला गेलं की वाट सुथातसमोर वीस मीटरहून उंच, लाल सागवानी खांबांचा झोपाळा लागतो. राजदरबारातले ब्राह्मण त्यावर उंच झोके घेत टांगलेली नाण्यांची थैली दातांनी पकडत. १९३५ साली हे थांबलं. शेजारच्या छोट्या देवस्थानात शिव, गणपती आणि विष्णू यांची तीन स्वतंत्र मंदिरं आजही आहेत. थाई सरकारच्या ललितकला विभागाच्या बोधचिन्हावर तर चक्क गणपती आहे. मराठी माणसाला इथे उभं करून पाच मिनिटं बोललं तर बँकॉक त्याला निराळंच दिसायला लागतं, पण बसच्या टूरला तेवढा वेळ नसतो.

आता पूर्वेच्या वेशीकडे. तटाच्या आत प्रेत जाळायला मनाई होती, म्हणून मृतदेह एका ठरावीक दरवाजातून बाहेर काढत आणि कालव्यापलीकडे वाट साकेतला नेत. त्या दरवाजाचं नाव प्रातू फी, म्हणजे भुतांची वेस. १८२० आणि १८४९ च्या कॉलऱ्यात इतकी माणसं गेली की दहनाला जागा पुरेना आणि प्रेतांवर गिधाडं उतरली. 'साकेतची गिधाडं' हा शब्दप्रयोग थाई भाषेत अजून आहे. त्याच वाट साकेतच्या आवारात विटा-मातीची कृत्रिम टेकडी आहे, सुवर्णगिरी. तिसऱ्या रामाच्या काळात इथला स्तूप मऊ जमिनीत खचला. पुढच्यांनी त्याच ढिगाऱ्याची टेकडी करून वर सोनेरी चैत्य बांधला. १८९८ मध्ये उत्तर प्रदेशातल्या पिप्रहवा इथे बुद्धाचे मानले गेलेले अवशेष मिळाले. इंग्रज सरकारने त्यांतला काही भाग राजा चुलालोंगकोर्न यांना दिला आणि तो या टेकडीवर आला. टेकडीच्या पायथ्याशी दर नोव्हेंबरच्या सुमारास जत्रा भरते: चैत्याला लाल कापड गुंडाळतात, खाली पाळणे, नेमबाजीचे स्टॉल आणि तळणाच्या कढया. पुस्तकी इतिहासात रस नसलेला बँकॉककर देऊळ आणि खाणं यांचं नातं असल्या जत्रांतून शिकतो.

भुतांच्या वेशीचा आजचा पत्ता महाचाई रस्ता. शहरातल्या सर्वांत प्रसिद्ध पॅड थाईसाठी संध्याकाळी याच रस्त्यावर रांग लागते. पेटत्या कोळशावर कढई, त्यात भिजवलेल्या तांदळाच्या शेवया, चिंचेचा कोळ, ताडगूळ, माशाचं पाणी, सुकी कोळंबी, टोफू आणि शेवटी चायनीज पातीचे लांब तुकडे. दुसऱ्या कढईत अंड्याचा कागदासारखा पातळ पोळा फिरवतात, त्यात हे सगळं ठेवून चारी बाजूंनी दुमडतात. बाजूला केळफुलाची कच्ची फाक आणि लिंबू. दोन दारं सोडून जय फाई, स्कीइंगचा चष्मा लावून कोळशाच्या शेगड्यांपुढे उभी असलेली वयस्क बाई. खेकड्याच्या ऑम्लेटसाठी गाजलेल्या तिच्या दुकानाला डिसेंबर २०१७ मध्ये मिशेलिन या खाद्यमार्गदर्शिकेचा तारा मिळाला. टूरचे गाइड या कोपऱ्यावर थांबतात तेव्हा देऊळ, इतिहास आणि ताट असं वेगवेगळं सांगायची गरजच पडत नाही.

पण रस्त्यावरचं खाणं आलं कुठून? पहिलं उत्तर कालवे. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत बँकॉकमध्ये धड रस्ते नव्हते. बाजार पाण्यावर भरे आणि शेवया होडीतून विकल्या जात. बोट नूडल्सचा वाडगा एवढासा का, तर होडीतल्या विक्रेत्याला एका हाताने काठावर देता यावा म्हणून, असं सांगतात. (दाट रश्शात जनावराचं रक्त असतं, हेही आधी सांगितलेलं बरं.) १८५५ मध्ये इंग्रजांशी बाउरिंग करार झाला, तांदळाची निर्यात खुली झाली आणि गिरण्या, गोद्या, धक्के यांवर राबायला दक्षिण चीनमधून तेओच्यू मजूर हजारोंनी आले. बहुतेक एकटे पुरुष, राहायला खोली नाही तर चूल कुठली? विकत खाणं ही त्यांची रोजची गरज होती. शेवया, तांदळाची पेज, भाजलेलं डुक्कर, वाफवलेले पाव हे सगळं या गरजेतून गल्लोगल्ली पोचलं.

रस्ते नंतर आले. परदेशी वकिलातींनी घोडागाडी फिरवायला रस्ता नाही अशी तक्रार केली म्हणून चौथ्या रामाने १८६०च्या दशकात चारोएन क्रुंग रस्ता बांधला. पाचवा राम, म्हणजे चुलालोंगकोर्न, १८७२ मध्ये अठराव्या वर्षी कलकत्ता, दिल्ली, मुंबई बघून गेला होता. त्याच्याच काळात, १८९०च्या दशकात, सांपेंगच्या गर्दीतून यावरात काढला. दीड किलोमीटरचा हा रस्ता सरळ नाही, आणि त्याच्या वळणांना ड्रॅगनच्या अंगाची उपमा देतात. १९०० मध्ये नांग लोएंगचा बाजार उघडला. जमिनीवरचा पहिला बाजार म्हणून त्याची नोंद करतात, यावरून आधी सगळं किती पाण्यावर होतं ते कळावं. सांपेंगच्या टोकाला कालवा ओलांडला की पाहुरात, पंजाबी कापडवाल्यांची पेठ; सोनेरी घुमटाचा गुरुद्वारा तिथला.

मिरची थाई नव्हे, हे ऐकून अजूनही लोक दचकतात. १५१० मध्ये गोवा आणि १५११ मध्ये मलाक्का घेतल्यावर पोर्तुगीजांनी त्याच वर्षी अयुथ्याला दूत धाडला आणि अमेरिकेतून निघालेली मिरची त्यांच्या व्यापाराबरोबर या किनाऱ्यांवर पसरली. आपल्या ठेच्याचा आणि त्यांच्या सोम तामचा, म्हणजे कच्च्या पपईच्या कोशिंबिरीचा, उगम एकाच जहाजवाटेवर आहे. ताकसिनने पोर्तुगीजांना थोनबुरीत जागा दिली. ती कुदी चिन वस्ती, सांता क्रूझ चर्च आणि तिथल्या दोन-चार घरांत भाजला जाणारा मनुके लावलेला छोटा केक हा आता पायी टूरचा आवडता टप्पा आहे. नदीपलीकडे समोर पाक ख्लोंगचा फुलबाजार. दादरच्या फुलबाजाराची सवय असलेल्याला तिथल्या झेंडूच्या राशींचं नवल नाही, पण देवाला वाहायच्या माळा तिथे जितक्या बारीक, कळी-कळी मोजून ओवतात ते थांबून बघावं.

पॅड थाईचं वय तर आपल्या आजोबांएवढंच. १९३९ मध्ये सयामचं नाव थायलंड करणाऱ्या पंतप्रधान फिबुन सोंगख्रामने शेवयांचा प्रचार केला: युद्धकाळात तांदूळ वाचावा, चिनी व्यापाऱ्यांच्या हातातला धंदा थाई लोकांकडे यावा आणि 'राष्ट्रीय' असं काही खायला असावं. चिनी शेवया, चिनी कढई, वर थाई नाव. पुढे १९६० नंतर ईशान्येच्या इसान भागातून मजूर, मोलकरणी, टॅक्सीवाले आले आणि कच्च्या पपईचं सोम ताम, भाजलेली कोंबडी नि चिकट भात घेऊन आले. भाड्याच्या खोल्यांत स्वयंपाकघर नव्हतं, बायका कारखान्यांत होत्या. हातगाडीने सगळ्यांना जेवू घातलं.

पाहुण्यांना शहर दाखवायचा उद्योग रेल्वेने सुरू केला. १९२४ मध्ये सयामच्या सरकारी रेल्वेत प्रसिद्धी विभाग निघाला आणि १९२७ मध्ये रेल्वेने बँकॉकची इंग्रजी मार्गदर्शिका छापली. जहाजाने उतरणाऱ्या गोऱ्या पाहुण्याला देवळं आणि कालवे बघायचे असत. रस्त्यावर खाणं त्याच्या डॉक्टरला मंजूर नव्हतं. १९५९-६० मध्ये सरकारी पर्यटन संघटना आली, १९६७ च्या कराराने व्हिएतनामहून रजेवर अमेरिकन सैनिक यायला लागले, हॉटेलं वाढली, बस आली. मार्ग ठरला तो बसच्या सोयीने, आणि टूरच्या किमतीतली तूट भरून निघे दुकानांच्या कमिशनवर. रत्नांचं शोरूम मार्गात येतं ते यामुळे. टुकटुकवाल्याचं 'आज राजवाडा बंद आहे, मी दुसरीकडे नेतो' हेही याच अर्थशास्त्राचं धाकटं भावंड. यावरातच्या पन्नास बाटच्या वाडग्यावर कुणाला कमिशन मिळणार?

परिस्थिती पालटली ती २०१० नंतर, आणि तीही गमतीशीर रीतीने. एकीकडे महापालिका फुटपाथ मोकळे करत होती. २०१६ मध्ये फुलबाजारातले फुटपाथवरचे विक्रेते हटवले. एप्रिल २०१७ मध्ये शहरभरच्या हातगाड्या काढायची घोषणा झाली. त्याच्या महिनाभर आधी एका अमेरिकन वाहिनीने बँकॉकला स्ट्रीट फूडसाठी जगातलं पहिलं शहर ठरवलं होतं. ओरड झाल्यावर यावरात आणि बॅकपॅकर पर्यटकांचा खाओ सान रस्ता वगळले. दुसरीकडे त्याच काळात पर्यटन खात्याने मिशेलिन गाइड आणण्यासाठी पाच वर्षांचे १४ कोटी ४० लाख बाट मोजले. वाट साकेतसमोर महाकान बुरुजाला लागून लाकडी घरांची जुनी वस्ती होती. पंचवीस वर्षांच्या भांडणानंतर २०१८ मध्ये ती उठवून तिथे बाग केली. पाहुण्यांना जे दाखवायचं तेच पुसायचं, हा उद्योग फक्त बँकॉकचा नाही, पण तिथे तो फार उघड दिसला. २०१९ मध्ये मेट्रो जुन्या शहरात शिरली, वाट मांगकोन, साम योत, सनाम चाई ही स्थानकं उघडली आणि बसशिवाय टूर काढणं सोपं झालं.

गाइड मात्र थाईच असतो. परदेशी माणसांना १९७९ पासून बंद असलेल्या व्यवसायांत गाइडचं काम आहे आणि परवान्याचा स्वतंत्र कायदा १९९२ पासून आहे. त्यामुळे मराठी टूर मॅनेजर बसमध्ये कितीही छान बोलला, तरी राजवाड्याची माहिती परवानाधारक स्थानिक माणूसच देतो.

उरला आपल्याकडचा कळीचा प्रश्न: शाकाहारी काय करणार? 'भाजीचं' म्हणून दिलेल्या वाडग्यातही बहुधा नाम प्ला, म्हणजे माशाचं पाणी असतं. त्यापेक्षा 'जे' (चिनी पद्धतीचं कडक शाकाहारी) हा शब्द लक्षात ठेवावा. चिनी पंचांगाच्या नवव्या महिन्यात, म्हणजे बहुधा आपल्या नवरात्राच्या आसपास, यावरातमध्ये नऊ दिवस हा व्रताचा सण चालतो. पिवळे झेंडे लावलेल्या गाड्यांवर मांस, मासे, अंडी, दूध, इतकंच काय कांदा-लसूणही नसतो. खाण्याची टूर घ्यायची आणि घरात जैन किंवा माळकरी माणसं असतील, तर तिकिटं त्या नऊ दिवसांची बघावीत.